पायमोडकी अक्षरं

नर्स माझ्या काकांची सिरिंज दोन तळव्यांत धरते आणि वात वळावी तशी हळूहळू वळत राहते. कुपीतली पांढरी पूड पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी होतं. जरा वेळ तसंच ठेवलं की पूड तळाला बसते. म्हणून टोचायच्या आधी वळायचं, सगळीकडे सारखं गढूळ झालं की पोटाच्या त्वचेखाली सोडायचं. एका सिरिंजमध्ये मावत नाही, म्हणून दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे. आदल्या दिवशीच्या सुईभोवती रुपयाएवढा लाल डाग असतो, त्याला सोडून पुढची जागा.

औषधाचं नाव ॲझासिटिडिन. अठ्ठावीस दिवसांत सात दिवस घ्यायचं. शनिवार-रविवार टोचायचा विभाग बंद, त्यामुळे पाच दिवस, मग दोन दिवस सुट्टी, मग उरलेले दोन. काका याला पाळी म्हणतात, गिरणीतल्यासारखी. "माझी तिसरी पाळी सुरू आहे," असं ते बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला सांगतात.

मी दादरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. ही वही परळच्या रुग्णालयातल्या त्या बाकावर सुरू झाली.

*

काकांचा आजार रक्ताचा. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. हाडांच्या आतल्या मगजात रक्तपेशी जन्माला येतात, पण पिकत नाहीत. कच्च्याच मरतात. रक्त कमी, दम लागतो, जरा खरचटलं तरी वाहत राहतं.

या पेशींत बिघाड कुठे झाला, हे काकांना समजावताना मला व्याकरणाचा तास आठवला. 'क'चा पाय मोडला की 'क्' होतो. अक्षर तेच, शाई तीच. खाली फक्त एक तिरकी रेघ येते आणि आतला स्वर गप्प होतो. आपल्या पेशीतल्या डीएनएची मुळाक्षरं चार: ए, टी, जी आणि सी. त्यातल्या 'सी'च्या अंगाला, बहुतेक करून पुढचं अक्षर 'जी' असेल तिथे, एक चिमुकला गट येऊन चिकटतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन. याला मिथाइल म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा पायमोडक्या अक्षरांची दाटी झाली की ते जनुक गप्प बसतं. मजकूर बदललेला नसतो. तो वाचला जात नाही, एवढंच.

अक्षर न बदलता वाचन बदलवणाऱ्या अशा सगळ्या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हे नाव कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केलं. तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पेशीत काही नवीन लिहिलेलं नाही. होतं तेच बंद पडलंय."

हो काका, तेच.

*

काका गिरणीत साच्यावर होते, पस्तीसेक वर्षांची नोकरी. माझी उपमा त्यांना व्याकरणापेक्षा कापडात जास्त पटली. "सूत तेच असतं. कुठला ताणा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, यावर नक्षी."

यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी यांत सूत एकच असतं, हे मी वर्गात कित्येक वर्षं सांगत आले. पण इतकं सरळ कधी सांगता आलं नव्हतं. त्यांना बॉबिनचंही सांगितलं. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास दोन मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एकेका रिळावर १४७ अक्षरांचे सुमारे पावणेदोन वेढे. वेढा घट्ट असेल तर तिथलं वाचता येत नाही, सैल झाला की येतं. पेशी ही रिळं सैल-घट्ट करते त्याही रासायनिक खुणा लावूनच. फिटवर वर्षानुवर्षं दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध असे वेढे सैल करतं, हे २००१ मध्ये लक्षात आलं. गरोदरपणात ते घेतलं तर बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहू शकतो. वाढत्या गर्भात कुठलं रीळ कधी सैल व्हावं याचं वेळापत्रक फार नाजूक असतं.

*

ॲझासिटिडिन काय करतं, हे मी तीनदा वाचून समजून घेतलं.

पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते. नव्या पट्टीवर अक्षरं येतात, पण पायमोडीच्या रेघा आपोआप येत नाहीत. त्या ओढायला एक विकर असतं, कारकुनासारखं. जुनी पट्टी बघून नव्या पट्टीवर त्याच जागी रेघा ओढत जातं. औषधाचा रेणू 'सी'सारखाच दिसतो, त्यामुळे नव्या पट्टीत तो 'सी'च्या जागी जाऊन बसतो. कारकून त्याला रेघ ओढायला जातो आणि तिथेच अडकतो. सुटत नाही. पेशी पुन्हा दुभंगते, पुन्हा काही रेघा गळतात. गप्प झालेली जनुकं हळूहळू बोलू लागतात.

म्हणूनच एका पाळीत काही दिसत नाही. गुण येतो आहे की नाही हे ठरवायलाच चार-सहा चक्रं जावी लागतात. आणि औषध थांबवलं की रेघा परत येतात.

हे रसायन १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झालं. सुरुवातीला डॉक्टर ते भारी मात्रेत वापरत, पेशी मारण्यासाठी. पेशंट सोसू शकत नसत. १९८०च्या सुमाराला पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांच्या लक्षात आलं की या औषधाने उंदराच्या पेशींमधल्या मिथाइलच्या खुणा पुसल्या जातात आणि साध्या पेशींचे स्नायू बनू लागतात. तिथून विचार फिरला. मात्रा खाली आली. अमेरिकेत २००४ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. एका रसायनाला आपलं खरं काम सापडायला चाळीस वर्षं लागली.

२००९ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत या औषधावरचे रुग्ण मध्यकाने साडेचोवीस महिने जगले, नेहमीच्या उपचारांवरचे पंधरा महिने. हा आकडा मी काकांना सांगितलेला नाही. त्यांनी विचारलाही नाही. विचारला तर सांगेन.

*

मजल्यावरच्या एका आजींनी परवा विचारलं, "रक्तातच असतं का गं हे? मुलांना होईल?"

खाण तशी माती, हे आपल्या मनात फार खोल आहे. काकांना झालेला बिघाड त्यांच्या मगजातल्या पेशींत, म्हातारपणी झाला. तो मुलांना जात नाही. मी दोनदा सांगितलं. पटलं असावं, कारण त्या नंतर जरा मोकळेपणाने बोलल्या.

*

मच्छीमार्केटाच्या पायरीवर एक तीनरंगी मांजर आहे. पांढरी, काळी, आणि अंगावर नारिंगी ठिगळं. कोळीण तिला बांगड्याचं डोकं टाकते.

असं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. काळा-नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे एक्स दोन, एक आईचा, एक बापाचा. एकावर नारिंगी, दुसऱ्यावर काळा असेल तर काय करायचं? गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स मिटून टाकते. कुठला मिटायचा हे दैवावर. त्या पेशीच्या सगळ्या लेकीनाती पुढे तोच मिटलेला ठेवतात. म्हणून ठिगळं. मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. पांढरा भाग वेगळ्या जनुकाचा, त्याचा यात संबंध नाही.

आपल्या सगळ्या बायकांच्या अंगात हेच असतं, फक्त ठिगळं दिसत नाहीत. नववीच्या वर्गाला हे सांगितलं तेव्हा मुली एकमेकींच्या हातांकडे बघायला लागल्या.

*

इंजेक्शन झाल्यावर काकांना अर्धा तास बसवून ठेवतात. मी त्या वेळात खाली उतरते. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिनची भिंत लागते. आत जुनं गव्हर्नमेंट हाउस. १८९९ मध्ये इथे प्लेगची प्रयोगशाळा आली, १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. आपल्याला हाफकिन म्हटलं की लस आठवते, सापाचं विष आठवतं. लुसी विल्स आठवत नाही. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे.

१९२८ मध्ये लुसी विल्स लंडनहून इथे आली. वय चाळीस. मुंबईत गरोदर बायका रक्त आटून मरत होत्या आणि कारण कळत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी दिसत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह दिलं तरी भागत नव्हतं. काही डॉक्टरांना जंतूंचा संशय होता. लुसीने जंतू शोधले, सापडले नाहीत. मग ती बायकांच्या ताटाकडे वळली. कुठल्या थरातली बाई काय खाते आणि कोणाला हा आजार जास्त होतो, याची तिने सांगड घातली. सगळ्यांत निकृष्ट जेवण गरीब मुसलमान बायकांचं होतं, आणि आजारही त्यांच्यातच सर्वांत जास्त. तिने तसलंच अन्न उंदरांना घातलं. त्यांचंही रक्त गेलं.

मग तिने यीस्टचा अर्क देऊन पाहिला. मार्माइट. इंग्रजांच्या न्याहारीच्या टेबलावरची, पावाला लावायची काळी, खारट, चिकट चटणी. स्वस्त. आजारी बायकांना ती चमच्याने दिली आणि थोड्याच दिवसांत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिने हे छापलं. अर्कातल्या त्या अनामिक घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

तो घटक १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम. त्यावरून नाव पडलं फोलिक ॲसिड. आज आपल्या प्रत्येक गरोदर मुलीच्या हातात सरकारी दवाखान्यात जी गोळी पडते, त्यातलं फोलिक ॲसिड.

आणि फोलेटचं शरीरातलं काम काय? एक कार्बन उचलून दुसऱ्याला देणं. ब१२ जीवनसत्त्व त्याला मदत करतं. हा कार्बन हातोहात पुढे जातो आणि शेवटी मिथाइल होऊन 'सी'च्या अंगाला चिकटतो. पाय मोडायची रेघ ज्या शाईने ओढली जाते ती शाई ही. परळच्या या भिंतीच्या आत, उपाशी बायकांच्या ताटात काय नाही हे शोधता शोधता लुसी विल्सने या शाईचा पहिला माग काढला. काका जिथे रेघा पुसायचं औषध घेतात ती इमारत इथून चार पावलांवर. मी भिंतीजवळ उभी राहते तेव्हा हे दोन्ही एकदम मनात येतं आणि खरोखर भरून येतं. या रस्त्यावर तिच्या नावाची एखादी पाटी असावी, असं मला फार वाटतं.

*

दादरला पुलाखाली भाजीवालीने चवळीची जुडी पाण्याने शिंपून ठेवलेली. फोलेट पानात मिळतं, उसळीत मिळतं, पण जास्त शिजवलं की जातं. ब१२ पानात नाही. ते दुधात, अंड्यात, मासळीत. मूठभर सुकट परवडणारं घर या बाबतीत बरं.

*

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहायच्या आधीपासून बायकांची मोजमापं घेतली. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची. त्याच वेळी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, हे आपल्याला माहीतच होतं. पण चिमट्याने त्वचेची घडी मोजली तेव्हा वेगळंच निघालं. स्नायू कमी होते, पोट-यकृत लहान होतं, पण चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. हडकुळं दिसणारं, आतून स्निग्ध बाळ. उपासमारीच्या तयारीनेच जणू आलेलं.

याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो आहे, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेला. शेजारी त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांत २१.२ टक्के. मी हा फोटो वर्गात दाखवते. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाला मधुमेह का, याचं उत्तर एका नजरेत पोरांना कळतं.

त्या गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांनी गरोदरपणात पालेभाजी, फळं आणि दूध अधिक वेळा खाल्लं त्यांची बाळं मोठी होती. आणि सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा, ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब१२ कमी होतं त्यांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. एक शाई भरून, दुसरी कोरडी. नुसती एक गोळी देऊन काम होत नाही, हे तिथे कळलं.

*

त्या पालेभाजीचा धागा मुंबईत आला. डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजारांवर बायकांना रोज एक खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. गर्भ राहायच्या आधीपासून, आणि समोर बसवून खायला लावायचं, म्हणजे घरी नेऊन पोरांना वाटला असं होऊ नये.

सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता त्यांची बाळं सुमारे ४८ ग्रॅमने वजनदार. अगदी हडकुळ्या आयांच्या बाबतीत तेही नाही. मात्र गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या खाऊवाल्यांत १२.४ टक्के, पालेभाजीवाल्यांत ७.३. रोजच्या एका खाऊने जवळजवळ निम्मा झाला. ही बातमी प्रत्येक नळावर पोचायला हवी होती.

पुढे या मुलांच्या आणि आफ्रिकेतल्या गांबियातल्या मुलांच्या डीएनएवरच्या खुणा मोजल्या. हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक त्यात पुढे होते. गांबियाच्या मुलांत थोड्या जागी फरक सापडला, मुंबईच्या मुलांत तसा ठाम फरक हाती लागला नाही. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. या विषयात माणसं फार लवकर 'सिद्ध झालं' म्हणतात. खाऊने मधुमेह कमी झाला, ते खरं. तो खुणांच्या वाटेने झाला का, हा प्रश्न अजून खुला आहे.

*

काकूंच्या ट्रंकेत एक कार्ड आहे. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. त्यावर माझ्या चुलतभावाचं जन्मवजन, निळ्या शाईत: २ किलो १००. जन्म १९८२च्या दिवाळीनंतरचा.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. काका पहिले तीन महिने लालबागला राहिले, मग खोली तशीच ठेवून पाटणकडे गावी गेले. काकू इथेच राहिल्या, थोरली शाळेत होती म्हणून. त्या वर्षी काय खाल्लं, हे विचारलं तर काकू म्हणतात, "भाकरी असायची गं. कोरड्यास नसायचं." कोरा चहा आणि भाकरी. गरोदर बाई.

तो भाऊ आज त्रेचाळीस वर्षांचा आहे. सडपातळ. आठ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं. त्या उपासमारीच्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या रक्तातल्या खुणा साठ वर्षांनी तपासल्या. २००८ मध्ये निष्कर्ष आला. वाढीच्या आयजीएफ२ या जनुकापाशी त्यांच्याकडे मिथाइलच्या खुणा स्वतःच्या भावंडांपेक्षा कमी होत्या. साठ वर्षं टिकलेला तो हिवाळा.

गिरणगावातल्या १९८२-८३ च्या बाळांची अशी मोजणी कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. माझ्या भावाचा मधुमेह संपामुळे, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. वडे, रात्रपाळी, बसून काम, सगळंच आहे. पण काकूंनी मला एकदा विचारलं, "मी नीट खाल्लं असतं तर?" तेव्हा मी त्यांचा हात धरून सांगितलं की तुम्ही उपाशी राहिला नाहीत, तुम्हाला उपाशी ठेवलं. या दोन वाक्यांतला फरक मला या सगळ्या शास्त्रापेक्षा मोठा वाटतो. आणि हे शास्त्र नीट वाचलं तर तेही हेच सांगतं.

*

माझी एक जुनी विद्यार्थिनी. तीन वेळा दिवस गेले, तीन वेळा गर्भ पडला. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोनदा. काढे झाले, नवस झाले. नवऱ्याची एकच तपासणी: संख्या ठीक, हालचाल ठीक. एका डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "त्यांचं काही नाही, तुमचंच बघावं लागेल." ती माझ्याकडे येऊन रडली.

इथेच, परळला, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या डॉ. नफिसा बालासिनोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी नर उंदरांवर काम केलं. नरांना टॅमॉक्सिफेन दिलं. त्यांच्या शुक्रपेशींत आयजीएफ२ आणि एच१९ या जनुकांच्या जागी मिथाइलच्या खुणा कमी झाल्या, आणि माद्यांच्या पोटातले गर्भ गळाले. माद्यांना काहीही दिलेलं नव्हतं. मग त्यांनी माणसांकडे पाहिलं. ज्या जोडप्यांत कारण न सापडता वारंवार गर्भपात होत होते त्यांतल्या पुरुषांच्या शुक्रपेशी तपासल्या. संख्या, हालचाल नेहमीसारखी. पण एच१९ पाशी, जिथे बापाकडून आलेल्या प्रतीवर खुणा असायलाच हव्यात, तिथे त्या कमी होत्या. २०१२ मध्ये हे छापून आलं.

ही जागा साधी नाही. इथे आईची प्रत आणि बापाची प्रत वेगवेगळी वाचली जाते. बापाच्या प्रतीवर पाय मोडलेला असेल तरच शेजारचं आयजीएफ२ चालू राहतं आणि गर्भाची, वारेची वाढ होते. हॉलंडच्या हिवाळ्यात फरक पडला तेही हेच जनुक.

दवाखान्यात जाऊन मागावी अशी ही तपासणी अजून नाही. तिला मी तेही सांगितलं. तरी तो कागद तिच्या हातात ठेवला. तिने शीर्षक दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, हे परळला झालंय?" हो. तुझ्या घरापासून बसने तीन स्टॉप.

*

पुरुषाची शुक्रपेशी तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. म्हणजे गर्भ राहण्याआधीचे अडीच-तीन महिने बापाचेही असतात. विडी आणि वाढलेलं वजन यांच्याशी जोडलेले फरक शुक्रपेशींच्या खुणांत दिसले आहेत. याज्ञिकांच्या गटाने पुढे त्या सहा गावांतल्या वयात आलेल्या मुलांना ब१२ देऊन अभ्यास केला, तेव्हा मुलींबरोबर मुलगेही घेतले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आणि आपल्याकडे गरोदर बाईला काय ऐकायचं, काय पाहायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं याचे वर्ग चालतात. हल्ली तिथे एपिजेनेटिक्स हा शब्दही येतो. त्या वर्गात बापाची खुर्ची असते का?

*

पाचवीला सटवाई येते. पाट्यावर वरवंटा मांडायचा, पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री ती येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. माझ्या लेकीच्या वेळी काकूंनी सगळं केलं होतं, पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

मला त्या कागदाबद्दल नेहमी माया वाटली आहे. कोरा कागद ठेवणाऱ्या बायकांना हे ठाऊक होतं की जन्मल्या क्षणी सगळं लिहिलेलं नसतं. फक्त सटवाई एकदाच येते असं त्या समजत. लिहिणं पाचवीच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि साठीनंतरही चालू राहतं. एकसारखी जुळी भावंडं वय वाढेल तशी खुणांच्या बाबतीत एकमेकांपासून दूर जातात, असं स्पेनमधल्या जुळ्यांच्या २००५ च्या अभ्यासात दिसलं होतं. कपाळ एक, लिखाण दोन.

*

गिरणीत विडी ओढायला बंदी, कापसाला आग लागेल म्हणून. त्यामुळे आत तंबाखूची चिमूट, बाहेर विडी. काका दोन्ही करायचे. सतरा वर्षांपूर्वी सोडलं.

धूर ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकापाशी मिथाइलची खूण इतकी ठळक घटते की नुसत्या रक्तावरून माणूस ओढतो का ते सांगता येतं. आणि सोडल्यावर ती खूण वर्षानुवर्षं हळूहळू मूळ पातळीकडे सरकते. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटं मोजली. "सतरा वर्षं म्हणजे बरीच सरकली असेल."

*

टोचायच्या खोलीबाहेर एक तरुण मुलगा आणि त्याची आई. मेंदूतली गाठ. त्यांच्या फाइलवर 'एमजीएमटी' लिहिलेलं. हे जनुक डीएनएची दुरुस्ती करतं. गाठीतलं हे जनुक मिथाइलने गप्प झालेलं असेल तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त लागू पडतं, कारण औषधाने केलेली मोडतोड गाठीला दुरुस्त करता येत नाही. काकांच्या बाबतीत गप्प जनुकं बोलती व्हायला हवीत, या मुलाच्या बाबतीत हे जनुक गप्पच राहायला हवं. आईने विचारलं, "मिथिलेटेड म्हणजे चांगलं ना?" मी म्हटलं, तुमच्यासाठी हो. तिने पदराने फाइल पुसली.

*

सहावी पाळी संपली. हिमोग्लोबिन ७.१ वरून ८.९. गेल्या पाच आठवड्यांत रक्त चढवावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, थांबवायचं नाही, चालू ठेवायचं. काका सदऱ्याची बटणं लावत होते.

"पुढची कधी?"

"पंधरा तारखेला, सोमवारी."

"मग सोमवारी उजवीकडून सुरू करायला सांग त्या पोरीला. डावीकडचं अजून दुखतंय."